आयोना : संत कोलंबा यांचे बेट आणि त्याच्या शिळांची साक्ष

दरवर्षी ९ जून रोजी ख्रिस्तसभा संत कोलंबा यांचे स्मरण करते. संत पॅट्रिक व संत ब्रिजिट यांच्यासमवेत आयर्लंडच्या तीन आश्रयदात्या संतांमध्ये त्यांची गणना होते आणि स्कॉटलंडमध्ये सुवार्ता नेणारे थोर मठवासी म्हणून त्यांचा गौरव केला जातो. संत अंतोन किंवा संत फ्रान्सिस झेवियर यांची नावे आपल्या घराघरांत घेतली जातात. कोलंबा यांचे नाव मात्र आपल्या फारसे परिचयाचे नाही. ज्या बेटावर त्यांनी आयुष्याची शेवटची ३४ वर्षे घालविली ते आयोना बेटही आपणांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. म्हणून या लेखात आम्ही त्या बेटाचा इतिहास आणि तेथील प्राचीन स्थळे यांचा परिचय करून देत आहोत.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. एखाद्या तीर्थस्थळाची महती तेथे काय जतन केले आहे यावरून ठरविण्याची आपणांस सवय असते. आयोनाच्या बाबतीत हा मापदंड अपुरा पडतो. या बेटावरील बहुतेक सर्व मौल्यवान वस्तू बाहेर गेल्या : ग्रंथ गेले, संतांचे अवशेष गेले, धर्मगुरू गेले, आणि एके काळी तर प्रार्थनाही गेली. तरीही ख्रिस्ती जग आयोनाला विसरले नाही. ते का, हे तेथील शिळांकडूनच समजून घ्यावे लागेल.

बेट आणि त्याचे नाव

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत हेब्रिडीज नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील मल या मोठ्या बेटाच्या नैर्ऋत्य टोकासमोर सुमारे दीड किलोमीटर रुंदीच्या खाडीपलीकडे आयोना आहे. बेटाची लांबी जेमतेम पाच किलोमीटर आणि रुंदी सुमारे अडीच किलोमीटर. दून ई ही सर्वांत उंच टेकडी केवळ १०१ मीटर उंचीची. कायमची लोकवस्ती पावणेदोनशेच्या आसपास. मुख्य भूमीवरील ओबन या बंदरातून मोठ्या बोटीने मल बेटावर जायचे, तेथून सुमारे ६० किलोमीटरचा रस्ता पार करायचा आणि फिओनफोर्टच्या धक्क्यावरून लहान बोटीने दहा मिनिटांत आयोनावर उतरायचे, असा हा प्रवास आहे.

बेटाचा खडक युरोपातील सर्वांत जुन्या खडकांपैकी आहे. माणसाचा वावरही येथे कोलंबा यांच्या पुष्कळ आधीपासून होता. पश्चिमेकडील एका टेकडीवर लोहयुगातील लहान गढीच्या खुणा सापडल्या आहेत. तेव्हा संत कोलंबा निर्जन, अज्ञात खडकावर येऊन पडले ही कल्पना बरोबर नाही. आज आपल्याला हे बेट जगाच्या टोकाला वाटते, पण त्या काळी जमिनीवरून जाण्यापेक्षा समुद्रावरून जाणे सोपे होते. आयर्लंडचा उत्तर भाग आणि स्कॉटलंडचा पश्चिम किनारा यांना जोडणाऱ्या जलमार्गावर आयोना वसलेले होते. आपल्या किनारपट्टीवरील वाचकांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. समुद्र गावांना तोडतो तसा जोडतोही.

बेटाच्या नावाची कथा मनोरंजक आहे. सातव्या शतकाच्या अखेरीस मठाधिपती संत अॅडमनान यांनी लॅटिन भाषेत या बेटाचा उल्लेख ‘इओवा’ असा केला. पुढे नकला करणाऱ्यांच्या हातून एक अक्षर चुकीचे वाचले गेले आणि ‘इओवा’चे ‘इओना’ झाले. योगायोग असा की, योना या हिब्रू नावाचा अर्थ कबुतर, आणि कोलंबा या लॅटिन नावाचाही अर्थ कबुतरच. संत कोलंबा आणि योना संदेष्टा यांच्या नावांतील हे साम्य स्वतः अॅडमनान यांनीच नोंदविले आहे. लेखनिकाच्या चुकीमुळे संताचे नाव जणू बेटालाच मिळाले. गेलिक भाषेत मात्र लोक आजही त्याला ‘कोलम किलेचे बेट’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. कोलम किले म्हणजे ख्रिस्तसभेचे कबुतर.

राजवंशातील परदेशस्थ

कोलंबा यांचा जन्म सुमारे ५२१ साली आयर्लंडच्या वायव्येकडील डोनेगल भागात, गार्टन येथे झाला असे मानले जाते. उत्तर आयर्लंडवर सत्ता गाजविणाऱ्या राजघराण्यातील ते पुत्र. त्यांनी धर्मगुरुपदाची दीक्षा घेतली आणि आयर्लंडमध्ये मठांची स्थापना केली. त्यांनी मायदेश का सोडला यासंबंधी एक प्रसिद्ध कथा आहे. आपले गुरू फिनियन यांच्याजवळील स्तोत्रग्रंथाची कोलंबा यांनी गुपचूप नक्कल केली. ती नक्कल कोणाची, असा वाद उभा राहिला. राजाने निकाल गुरूच्या बाजूने दिला. आणि त्यातून ५६१ च्या सुमारास कूल ड्रेव्हने येथे रणकंदन माजले. झालेल्या रक्तपाताचे प्रायश्चित्त म्हणून कोलंबा देशत्याग करून गेले, अशी ही कथा.

लढाई झाली हे खरे. कोलंबा यांच्याविरुद्ध एका धर्मसभेत ठपका ठेवला गेला होता आणि पुढे तो अन्याय्य ठरला, असे अॅडमनानही लिहितात. पण ग्रंथाच्या नकलेची कथा बऱ्याच उत्तरकाळातील आहे. अॅडमनान केवळ एवढेच म्हणतात की, ख्रिस्तासाठी यात्रेकरू होण्याच्या इच्छेने कोलंबा यांनी आयर्लंड सोडले. त्या काळच्या आयरिश संन्याशांमध्ये ही साधना रूढ होती. घरदार, कुळ आणि भाषा यांचा आधार सोडून परक्या भूमीवर देवाच्या भरवशावर राहणे, हे ते आत्मार्पणाचे रूप मानीत.

५६३ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, कोलंबा बारा सोबत्यांसह निघाले. लाकडी सांगाड्यावर कातडे ताणून केलेल्या होडीतून ते आयोनाच्या दक्षिण टोकावरील खडेगोट्यांच्या एका लहान पुळणीवर उतरले, अशी परंपरा आहे. ती जागा आज ‘संत कोलंबा यांचा उपसागर’ म्हणून दाखविली जाते. समुद्राने घासून गुळगुळीत केलेले हिरवट दगड तेथे सापडतात आणि यात्रेकरू ते आठवण म्हणून उचलतात.

कोलंबा स्वभावाने कठोर होते, पण त्यांच्या चरित्रातील एक हळुवार प्रसंग आम्हांला विशेष भावतो. एकदा त्यांनी एका संन्याशाला सांगितले की, तिसऱ्या दिवशी पश्चिम किनाऱ्यावर वाऱ्याने झोडपलेला, थकलेला एक क्रौंच पक्षी येऊन पडेल. त्याला उचलून घरात ने, तीन दिवस खाऊ घाल, मग तो आपल्या वाटेने जाईल. तो पक्षी कोलंबा यांच्या जन्मभूमीतून आलेला होता. तसेच घडले, आणि शक्ती परत येताच पक्षी आयर्लंडच्या दिशेने उडून गेला. परदेशस्थ संताने आपल्या देशाच्या पाहुण्याला आसरा दिला, पण धरून ठेवले नाही. आयोनाचा पुढचा सारा इतिहास या छोट्या प्रसंगात सामावलेला आहे असे आम्हांस वाटते.

काडेपेट्यांतील कोळसा

कोलंबा यांच्या काळचा मठ दगडी नव्हता. माती, लाकूड आणि विणलेल्या फांद्यांच्या झोपड्या, एक लाकडी चर्च आणि सभोवती मातीचा बांध व खंदक असे त्याचे रूप होते. लाकूड कुजले, झोपड्या गेल्या. पण त्या कुंपणाच्या बांधाचे भाग आजही शेतांतून स्पष्ट दिसतात. आत संन्याशांचे जीवन प्रार्थना, शेती आणि ग्रंथलेखन यांत विभागलेले असे.

सध्याच्या मठचर्चच्या पश्चिम द्वारासमोर खडकाचा एक लहान उंचवटा आहे. त्याला गेलिकमध्ये ‘मठाधिपतीचा उंचवटा’ म्हणतात. कोलंबा यांची लेखनकुटी येथेच होती, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. अॅडमनान यांनीही उंचावरील कुटीत बसून लिहिणाऱ्या कोलंबा यांचे वर्णन केले आहे. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ चार्ल्स थॉमस यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा जळालेल्या एका लहान कुटीच्या खुणा व हेझल झाडाच्या लाकडाचा कोळसा मिळाला. कोळशावरून वय ठरविण्याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते. थॉमस यांनी ते नमुने काडेपेट्यांत भरून जपून ठेवले. सुमारे साठ वर्षांनी ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांची तपासणी केली आणि २०१७ साली निष्कर्ष जाहीर झाला : ते लाकूड इ. स. ५४० ते ६५० या काळातील आहे. म्हणजे ती कुटी कोलंबा यांच्या हयातीतील असू शकते.

यावरून आपण काय शिकावे? ती कुटी कोलंबा यांचीच होती असे विज्ञानाने सिद्ध केलेले नाही. काळ जुळतो एवढेच सांगितले आहे. पण ज्या लोकपरंपरेला काही विद्वान भाबडी समजत होते तिच्यात तथ्य असल्याचे दिसून आले. श्रद्धेने संशोधनाला भिऊ नये आणि संशोधनाने परंपरेला तुच्छ लेखू नये, हा धडा त्या काडेपेट्यांनी दिला आहे.

कोलंबा यांचे निधन ९ जून ५९७ रोजी पहाटे, रविवारी झाले. आदल्या दिवशी ते आपल्या कुटीत ३४ व्या स्तोत्राची नक्कल करीत होते. परमेश्वराला शोधणाऱ्यांना काही उणे पडत नाही, या आशयाच्या ओळीशी येऊन ते थांबले आणि पुढचे बैथेनने लिहावे, असे म्हणाले. बैथेन हे त्यांचे शिष्य आणि नंतरचे मठाधिपती. मध्यरात्रीच्या प्रार्थनेची घंटा होताच कोलंबा सर्वांआधी चर्चमध्ये गेले आणि वेदीपुढेच त्यांनी प्राण सोडला. त्याच वर्षी पोप महान ग्रेगरी यांनी पाठविलेले संत ऑगस्टिन इंग्लंडच्या दक्षिणेस केंट येथे पोहोचले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ब्रिटनमध्ये दक्षिणेकडून रोमचा आणि उत्तरेकडून आयोनाचा, असे सुवार्तेचे दोन प्रवाह वाहू लागले.

बेटाबाहेर गेलेला प्रकाश

आयोनावरून निघालेल्या मिशनऱ्यांपैकी संत एडन हे सर्वांत मोठे नाव. नॉर्थम्ब्रियाचा राजा ओस्वाल्ड याने तारुण्यात देशोधडीला लागून आयरिश ख्रिस्ती लोकांमध्ये आश्रय घेतला होता आणि तेथेच त्याने बाप्तिस्मा स्वीकारला होता. राज्य परत मिळाल्यावर त्याने आयोनाकडे धर्मशिक्षक मागितला. प्रथम पाठविलेले महागुरू कठोर वृत्तीचे होते. हे लोक हट्टी व असंस्कृत आहेत, अशी तक्रार घेऊन ते परतले. तेव्हा सभेत बसलेले एडन त्यांना म्हणाले की, आपण या अजाण लोकांना आरंभी दुधाचे अन्न द्यावयास हवे होते. हे ऐकताच सर्वांनी एडन यांनाच पाठवायचे ठरविले. ६३५ साली ते गेले आणि त्यांनी लिंडिसफार्न बेटावर मठ उभारला. हा वृत्तांत इंग्रज इतिहासकार संत बीड यांनी दिला आहे. एडन यांना त्या लोकांची भाषा नीट येत नसे, तेव्हा राजा ओस्वाल्ड स्वतः दुभाष्याचे काम करी, असेही ते लिहितात.

पुढे रोमची आणि आयोनाची पास्काच्या सणाची तारीख ठरविण्याची पद्धत वेगळी असल्याने वाद निर्माण झाला. ६६४ साली व्हिटबी येथील धर्मसभेत नॉर्थम्ब्रियाने रोमची पद्धत स्वीकारली. आयोनाचे संन्यासी मात्र आपल्या संस्थापकाची रीत सोडावयास तयार नव्हते. अखेर ७१६ साली संत एगबर्ट यांच्या समजावणीने त्यांनी सार्वत्रिक ख्रिस्तसभेची रीत मान्य केली. अर्धशतकाहून अधिक काळ मतभेद राहिला, तरी दोन्ही बाजूंना संत निपजले, हेही विसरून चालणार नाही.

नववे मठाधिपती संत अॅडमनान यांचा काळ ६७९ ते ७०४. त्यांनी लिहिलेले कोलंबा यांचे चरित्र आपल्याला उपलब्ध आहे. त्याची ७१३ पूर्वी आयोनावर लिहिलेली एक प्रत स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन येथे सुरक्षित आहे. आर्कुल्फ नावाच्या, पुण्यभूमीची यात्रा करून आलेल्या एका महागुरूंकडून माहिती घेऊन त्यांनी यरुशलेम व इतर पवित्र स्थळांवरही ग्रंथ रचला. पण त्यांचे सर्वांत धाडसी कार्य वेगळेच आहे. ६९७ साली आयर्लंडमधील बिर येथील सभेत त्यांनी ‘निरपराधांचा कायदा’ संमत करून घेतला. युद्धात स्त्रिया, मुले आणि धर्मसेवक यांना ठार मारणे वा इजा करणे हा त्यान्वये दंडनीय अपराध ठरला. आयर्लंड व स्कॉटलंडमधील राजे, महागुरू आणि मठाधिपती मिळून ९१ जणांची नावे त्याचे हमीदार म्हणून नोंदलेली आहेत. युद्धात निरपराधांचे रक्षण व्हावे, असे म्हणणारा आवाज तेराशे वर्षांपूर्वी या लहान बेटावरून उठला होता. आजच्या युद्धांच्या बातम्या वाचताना त्याची आठवण अस्वस्थ करते.

पाषाणातील शुभवर्तमान

आठव्या शतकात आयोनाच्या शिल्पकारांनी उंच दगडी क्रूस उभारले. मठचर्चसमोरील संत मार्टिन यांचा क्रूस चार मीटरहून अधिक उंचीचा आहे आणि सुमारे बाराशे वर्षे वारा, पाऊस व खारी हवा सोसत मूळ जागीच उभा आहे. त्याच्या एका बाजूवर बाळ येशूसह पवित्र मरीया, सिंहांच्या गुहेतील दानिएल, इसहाकाचे बलिदान देण्यास निघालेला आब्राहाम आणि वीणाधारी दाविद कोरलेले आहेत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी हा पाषाणातला धर्मग्रंथच होता.

जवळच्या संत योहान यांच्या क्रूसाचे भाग्य निराळे. त्याचे आडवे बाहू दोन मीटरहून अधिक रुंद होते. एवढा भार पेलेना, म्हणून बाहू आणि खांब यांना जोडणारे दगडी कडे बसविण्यात आले असावे, असे अभ्यासक मानतात. क्रूसाभोवतीचे वर्तुळ ही ‘केल्टिक क्रूसा’ची ओळख, तिचा उगम कदाचित या क्रूसाच्या दुरुस्तीतच असावा. मूळ क्रूसाचे तुकडे जोडून तो आता मठाच्या संग्रहालयात ठेवला आहे आणि बाहेर १९७० साली उभारलेली काँक्रीटची प्रतिकृती आहे.

चर्मपत्रावरील चार शुभवर्तमानांचा अप्रतिम चित्रांकित ग्रंथ ‘बुक ऑफ केल्स’ हा सुमारे ८०० साली संपूर्णपणे किंवा अंशतः आयोनावर तयार झाला, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. आज तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये आहे. तो तेथे कसा पोहोचला, याचे उत्तर पुढील दुःखद पर्वात आहे.

रक्तसाक्षींचा किनारा

७९५ साली वायकिंग लुटारूंची जहाजे आयोनावर प्रथम आली. ८०२ साली त्यांनी मठ जाळला. ८०६ साली मठसमुदायातील ६८ जणांची कत्तल झाली. बोटीच्या धक्क्याजवळील वालुकामय किनारा ‘रक्तसाक्षींचा उपसागर’ म्हणून ओळखला जातो आणि परंपरा त्यांच्या मृत्यूचा संबंध या जागेशी जोडते. पुढच्याच वर्षी आयर्लंडमध्ये केल्स येथे नवा मठ बांधण्यास सुरुवात झाली आणि कालांतराने शुभवर्तमानांचा तो ग्रंथही तेथे गेला.

तरीही काही संन्यासी मागे राहिले. ८२५ साली संत ब्लॅथमॅक यांना हल्ला होणार हे कळले, तेव्हा ज्यांना जायचे असेल त्यांनी जावे, असे त्यांनी सांगितले आणि स्वतः थांबले. कोलंबा यांच्या अवशेषांची मौल्यवान पेटी जमिनीत पुरून ठेवलेली होती. ती कोठे आहे हे सांगण्यास त्यांनी नकार दिला आणि मृत्यू पत्करला. दूर जर्मनीतील राइशेनाउ येथील मठाधिपती वालाफ्रिड स्ट्राबो यांनी या बलिदानावर लॅटिन काव्य रचले. एवढ्या लांबवर त्याची वार्ता पोहोचली होती. ८४९ साली कोलंबा यांच्या अवशेषांची वाटणी होऊन काही आयर्लंडला तर काही स्कॉटलंडमधील डंकेल्ड येथे नेण्यात आले.

या कथेचा शेवट मात्र सूडात झाला नाही. वायकिंगांचे वंशज हळूहळू ख्रिस्ती झाले. डब्लिनचा नॉर्स राजा ओलाफ ९८० साली लढाईत पराभूत झाल्यावर राज्य सोडून आयोनावर पश्चात्तापी म्हणून राहावयास आला आणि तेथेच मरण पावला. ज्यांच्या पूर्वजांनी वेदी भ्रष्ट केली त्यांच्यातीलच एक जण त्या वेदीपुढे गुडघे टेकून बसला. असे असूनही ९८६ च्या नाताळच्या रात्री पुन्हा हल्ला होऊन मठाधिपती व १५ संन्यासी मारले गेले. धर्मांतराचे कार्य एका पिढीत पूर्ण होत नाही, याची ही कटू साक्ष आहे.

राजांची स्मशानभूमी आणि दोन मठ

मठाच्या दक्षिणेस संत ओरान यांच्या नावाची दफनभूमी आहे. तेथील बाराव्या शतकातील छोटे चॅपेल ही बेटावरील आज अभंग उभी असलेली सर्वांत जुनी इमारत. डोनल्ड मनरो या धर्माधिकाऱ्याने १५४९ साली लिहून ठेवले की, येथे स्कॉटलंडचे ४८, नॉर्वेचे ८ आणि आयर्लंडचे ४ राजे चिरनिद्रा घेत आहेत. आकडे प्रसिद्ध आहेत, पण इतिहासकार ते जसेच्या तसे स्वीकारीत नाहीत. काही राजे येथे पुरले गेले हे निश्चित; साठ राजांचा हिशोब मात्र बेटाची प्रतिष्ठा वाढविण्यासाठी फुगला असावा. संतांची महती वाढविण्यासाठी राजांच्या संख्येची गरज नसते, हे आपणही ध्यानात घ्यावे.

१२०० च्या सुमारास बेटांचा अधिपती रॅनल्ड याने येथे बेनेडिक्टाइन संन्याशांचा दगडी मठ स्थापिला. १२०३ साली पोप तिसरे इनोसंट यांनी या मठाला आपल्या संरक्षणाखाली घेतले. त्याच रॅनल्डने ऑगस्टिनियन धर्मभगिनींसाठीही मठ बांधला आणि त्याची बहीण बेथोक ही त्याची पहिली प्रमुख झाली. त्यांच्या काळ्या झग्यांवरून लोक या मठाच्या चर्चला ‘काळे चर्च’ म्हणत. गुलाबी ग्रॅनाइटच्या भिंती व कमानी आज छपराविना उभ्या आहेत आणि त्यांच्यामध्ये बाग फुलविलेली आहे. सोळाव्या शतकातील मुख्य भगिनी अॅना मॅक्लीन यांची कबरशिळा जतन झाली असून तीवर त्यांच्या आवडत्या छोट्या कुत्र्यांच्याही आकृती आहेत. त्यांचे निधन १५४३ साली झाले. भगिनींच्या या मठाची नोंद इतिहासात फार थोडी आहे. पण सुमारे साडेतीनशे वर्षे तेथे स्तोत्रगायन अखंड चालू होते.

मुकी झालेली वेदी

१५६० साली स्कॉटलंडच्या संसदेने पोपमहोदयांचा अधिकार नाकारला आणि पवित्र मिस्सा साजरी करण्यावर बंदी घातली. मठजीवन संपुष्टात आले. छपरे कोसळली, भिंतींत गुरे शिरू लागली. सुमारे हजार वर्षे जेथे प्रार्थना झाली ती जागा उजाड पडली.

मात्र आसपासच्या बेटांवर कॅथलिक श्रद्धा पूर्णपणे विझली नाही. सतराव्या शतकात आयर्लंडहून फ्रान्सिस्कन धर्मगुरू आणि नंतर संत व्हिन्सेंट डी पॉल यांनी पाठविलेले फादर डर्मट डगन हेब्रिडीजमध्ये आले. अतिशय हालअपेष्टा सोसून डगन यांनी बारा व साउथ युइस्ट या बेटांवरील लोकांना संस्कार दिले आणि १६५७ साली तेथेच देह ठेवला. ही बेटे आजही बहुसंख्येने कॅथलिक आहेत. ज्या आयर्लंडहून कोलंबा आले होते, तेथूनच एक हजाराहून अधिक वर्षांनंतर पुन्हा धर्मगुरू आले. १८७८ साली पोप तेरावे लिओ यांनी स्कॉटलंडमधील धर्मप्रांतांची पुनःस्थापना केली, तेव्हा या प्रदेशासाठी अर्गाइल व बेटे हा धर्मप्रांत निर्माण झाला. ओबन येथील त्याचे कॅथेड्रल संत कोलंबा यांनाच समर्पित आहे.

पुन्हा पेटलेला दिवा

१८९९ साली बेटाचे मालक, अर्गाइलचे आठवे ड्यूक यांनी मठाचे भग्नावशेष एका विश्वस्त मंडळाला दिले. त्या दानपत्रात एक उदार अट होती : सर्व ख्रिस्ती पंथीयांना येथे उपासना करण्याची मुभा असावी. ड्यूक स्वतः प्रॉटेस्टंट होते आणि तो काळ पंथापंथांतील कडवटपणाचा होता, हे लक्षात घेता या अटीचे मोल कळते. त्यानंतर १९१० पर्यंत चर्चची पुनर्बांधणी झाली.

१९३८ साली ग्लासगोच्या गोव्हन या गरीब कामगारवस्तीत सेवा केलेले प्रॉटेस्टंट पाळक जॉर्ज मॅक्लाउड यांनी ‘आयोना समुदाय’ स्थापन केला. बेकार कारागीर आणि नवदीक्षित पाळक यांनी एकत्र राहून, एकत्र घाम गाळून मठाच्या उर्वरित इमारती उभ्या केल्या. हे काम १९६५ साली पूर्ण झाले. योगायोगाने त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेची सांगता झाली, जिने ख्रिस्ती ऐक्याचा मार्ग आपणा कॅथलिकांसाठी मोकळा केला. आज मठचर्चमध्ये हा विविधपंथीय समुदाय दररोज उपासना चालवितो.

मठाच्या आतील चौकात १९५९ सालचे एक काशाचे शिल्प आहे. झॅक लिपशिट्स या यहुदी कलाकाराने मुळात फ्रान्समधील आसी येथील कॅथलिक चर्चसाठी ते घडविले होते; आयोनावर त्याची दुसरी प्रत आहे. वरून उतरणारे कबुतर चोचीत आकाशाचे आवरण धरून आहे आणि त्यात पवित्र मरीया उभी आहे. आपल्या पूर्वजांच्या धर्माशी निष्ठा राखूनच, माणसामाणसांत सलोखा वाढावा म्हणून आपण ही मरीया घडविली, अशा आशयाचे शब्द शिल्पकाराने मूळ शिल्पावर कोरले आहेत. कॅथलिक चर्चसाठी यहुदी हातांनी घडविलेली आणि प्रॉटेस्टंटांनी जपलेली ही मूर्ती कबुतराच्या बेटावर येऊन स्थिरावली आहे.

आपल्यासाठी

आम्ही आरंभी म्हटले की, आयोनाचे जवळजवळ सर्व धन बाहेर गेले. तेच त्या बेटाचे वैभव ठरले. एडन गेले म्हणून इंग्लंडच्या उत्तर भागाला श्रद्धा मिळाली. ग्रंथ गेला म्हणून तो आगीतून वाचला. श्रद्धा शेजारच्या बेटांवर जाऊन राहिली म्हणून मठ ओस पडल्यावरही ती मेली नाही. आपल्या पूर्वजांनी मागे ठेवलेल्या चर्चच्या भिंती, क्रूस आणि कबरशिळा यांचे जतन आपण अवश्य करावे. पण भिंती सांभाळल्या म्हणजे श्रद्धा सांभाळली, असे समजू नये. तिची पुढची ओळ कोणाच्या हाती देणार, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे असतो.

कोलंबा यांनी अखेरच्या दिवशी स्तोत्र अर्धे ठेवले आणि पुढचे बैथेनने लिहावे, असे सांगितले. आपल्या घरातील, आपल्या धर्मग्रामातील बैथेन कोण? त्याच्या हाती आपण लेखणी दिली आहे काय? येत्या ९ जून रोजी संत कोलंबा यांचे स्मरण करताना हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा, एवढीच आमची विनंती.